दुसऱ्या महायुद्धात विमान पडून गेलेल्या नातेवाइकाची माहिती आता कशी काढावी?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचे थोरले भाऊ एअरफोर्समध्ये होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला विमान पडून गेले, घरात वर्दीतला एक फोटो आहे आणि बाकी कुणाला काही ठाऊक नाही. एवढ्यावर काही मिळेल का? मिळेल. आमच्याकडेही साधारण एवढंच होतं. आमचा नानामामा म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. नात्यानं आजोबा लागतो, पण बाविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला आजोबा कोण म्हणणार? आजी नाना म्हणायची, आई नानामामा म्हणायची, म्हणून आम्हीही नानामामाच म्हणतो.

सुरुवात फोटोपासून करा. तो फ्रेममधून काढा, मागे काही लिहिलंय का बघा, मग खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरा. डाव्या खिशाच्या वर पंख दिसतात का? दोन्ही बाजूंना पसरलेले असले तर पायलट. एकच पंख आणि त्याच्या मुळाशी पानांच्या वेढ्यात अक्षरं असली तर विमानातला दुसरा कुणीतरी: ‘एजी’ म्हणजे गनर, मशिनगन चालवणारा; ‘एन’ म्हणजे नॅव्हिगेटर, दिशा सांगणारा. बाहीवर उलट्या बाणासारख्या तीन पट्ट्या असतील तर सार्जंट.

आमच्या घरात साठ-सत्तर वर्षं ‘नाना पायलट होता’ असंच चालत आलं होतं. भिंगाखाली निघाला एकच पंख आणि ‘एजी’. मी ते मोठ्या उत्साहानं आईला दाखवलं. ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असलं काही सांगताना जरा बेतानं सांगा.

पदकं असतील तर तीही काढा. भारतीय सैनिकांच्या त्या काळच्या पदकांवर बहुधा नाव कोरलेलं असतं: गोल पदक असेल तर कडेवर, तारा असेल तर पाठीमागे. सर्व्हिस नंबर, हुद्दा, आद्याक्षरं, आडनाव. तो नंबर लाखमोलाचा, कारण पुढे कुठेही अर्ज केलात की पहिला तोच विचारतात. आमच्या मावशीनं दर दिवाळीला तांब्या-पितळेबरोबर ते पदकही चिंच लावून घासलं होतं. पाच आकड्यांतले तीन कसेबसे लागले.

आता नाव. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची नोंद तिथे आहे, भारतीयांचीही. अडचण होते ती स्पेलिंगची. मराठी आडनाव इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं, त्यात वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलं. एक ‘ए’ जास्त, ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’, शेवटी ‘आय’च्या जागी ‘ई’. मी नानामामाचं आडनाव सात तऱ्हांनी घालून पाहिलं, सातव्याला लागलं. शोधताना दल म्हणून ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ निवडा. ‘रॉयल’ हे बिरुद 1945 च्या मार्चमध्ये मिळालं, पण त्याआधी गेलेल्यांची नोंदही त्याच नावाखाली सापडते.

नोंद सापडली की बहुतेक जण एका ठिकाणी फसतात, मीही फसलो. नानामामाच्या नावापुढे स्मारक म्हणून होतं ‘सिंगापूर’. आई म्हणाली, तो सिंगापूरला कधी गेला? गेलाच नव्हता. ज्या वैमानिकांचं काहीच हाती लागलं नाही, त्यांची नावं क्रांजीच्या सिंगापूर स्मारकाच्या भिंतींवर कोरली आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियात कुठेही विमान पडलेलं असो, नाव तिथेच. सैन्य आणि हवाई दल मिळून 24 हजारांच्या वर नावं आहेत. म्हणजे ‘सिंगापूर’ हा शब्द मरणाची जागा सांगत नाही, देह मिळाला नाही एवढंच सांगतो. भूदलातला माणूस ब्रह्मदेशात असाच बेपत्ता झाला असेल तर त्याचं नाव बहुधा रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर असतं. हे सांगतोय कारण विमानात मेलेला प्रत्येक जण एअरफोर्सचाच असतो असं नाही. डाकोटा या वाहतुकीच्या विमानात बसून जाणारे जवान होते, वेढ्यात अडकलेल्यांसाठी विमानाच्या दारातून पोती खाली ढकलणारे रसद विभागाचे लोक होते. फोटोत छातीवर पंखच नसेल तर हाही रस्ता धरून ठेवा.

खडकीच्या वॉर सिमेटरीत मी आधी जाऊन आलो होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत, हिरवळ कातरलेली, दुपारी चिटपाखरू नसतं. जागा बघण्यासारखी आहे, पण या कामासाठी फेरी फुकट. दिल्लीतही शोधू नका. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धाची आणि 1919 च्या अफगाण युद्धाची. 2019 मध्ये झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची स्वातंत्र्यानंतरची. दुसऱ्या महायुद्धातला माणूस दोन्हीकडे नाही.

इथपर्यंत नाव, हुद्दा आणि एक तारीख हातात येते. बरेच जण इथेच थांबतात, कारण पुढे नाव शोधून काही मिळत नाही. इथून पुढे माणूस सोडा आणि विमानाच्या मागे लागा. सार्जंटच्या नावाची फाइल कुणी केली असेलच असं नाही आणि केली असली तरी ती टिकली असेलच असं नाही. पण विमान म्हणजे सरकारी मालमत्ता. त्याला नंबर होता, ते कुठल्या स्क्वाड्रनचं (म्हणजे हवाई दलाच्या कुठल्या तुकडीचं), किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, याची नोंद रोज झालीच पाहिजे असा नियम होता. युद्धात माणसापेक्षा विमानाचे कागद जास्त, हे पचवायला मला थोडा वेळ लागला.

हे कागद लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ‘एआयआर 27’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या रोजनिश्या आहेत, त्यात भारतीय स्क्वाड्रनच्याही. बऱ्याच स्कॅन केलेल्या आहेत, घरबसल्या उतरवून घेता येतात. त्यात दोन तऱ्हेची पानं असतात. फॉर्म 540 म्हणजे दिवसाचा गोषवारा: हवा कशी होती, कोण रजेवर गेलं, कोण बदलून आलं. फॉर्म 541 म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा तक्ता. आपल्या कामाचा हा दुसरा.

स्क्वाड्रन माहीत नसेल तर? आम्हालाही नव्हतं. आजी एकच सांगायची, की नाना ‘उलटं बसून’ उडायचा आणि विमान दगडासारखं सरळ खाली यायचं. मी ते म्हातारीचं वर्णन म्हणून सोडून दिलं होतं. पुढे कळलं की व्हल्टी व्हेंजन्स नावाचं डाइव्ह बॉम्बर होतं, दोघांचं. पायलट पुढे आणि गनर मागे, शेपटीकडे तोंड करून. ते जवळजवळ उभं खाली झेपावायचं, तेव्हा पायलटला जमीन दिसायची आणि गनरला आकाश. भारतीय हवाई दलात ब्रह्मदेशच्या आघाडीवर व्हेंजन्स घेऊन लढलेल्या स्क्वाड्रन दोनच, 7 आणि 8, आणि 1944 संपायच्या आत दोन्हींची विमानं बदलली. म्हणजे वाचायला काही महिन्यांची पानं. समुद्राचा तलाव झाला. तुमच्या घरातही असलं एखादं वाक्य असेल, ‘दोन इंजिनांचं’, ‘एकटाच बसायचा’, ‘सामान टाकायला जायचे’. ते कुणाकडून तरी काढून घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवर.

तारखेचंही तसंच. आजीच्या मते नाना मिरगात गेला, कारण तार आली तेव्हा मिरग लागला होता आणि दारात पेरणीची गडबड होती. म्हणून मी जूनची सगळी पानं वाचली. काही नाही. तार आली तो दिवस आणि विमान गेलं तो दिवस यांत तीन आठवड्यांचं अंतर होतं. शिवाय तारेत ‘बेपत्ता’ असतं. मृत धरल्याचं पत्र बरंच पुढे, साधारण सहा महिन्यांनी येतं, आणि घरात कधीकधी तीच तारीख पक्की होऊन बसते. तुमच्या घरातल्या तारखेच्या मागची पानं आधी वाचा.

मला ती ओळ मेच्या मध्यात सापडली. टाइप केलेला तक्ता, शाई थोडी फुटलेली. विमानाचा नंबर, पायलटचं नाव, खाली नानामामाचं नाव (आठव्या स्पेलिंगात), मग ‘उड्डाण’चा रकाना: सकाळची वेळ, मिनिटांसकट. शेजारी ‘उतरले’चा रकाना. वरच्या-खालच्या सगळ्या ओळींत तिथे आकडे होते. या ओळीत टंकलेखकानं नुसत्या दोन आडव्या रेघा मारल्या होत्या.

पुढच्या रकान्यात कारण होतं, तेही घरच्या गोष्टीशी जुळेना. ‘जपान्यांनी पाडलं’ असं आम्ही ऐकत आलो. पानावर लिहिलं होतं की लक्ष्यावर बॉम्ब टाकून परतताना विमान ढगात शिरलं आणि पुन्हा दिसलं नाही. ब्रह्मदेशाच्या पश्चिमेकडच्या चिन टेकड्यांवर पावसाळा तोंडावर आला की ढगांच्या भिंती उभ्या राहतात, त्यात शिरलेलं विमान मोडूनही पडायचं. 10 ऑगस्ट 1944 ला रॉयल एअर फोर्सच्या 615 स्क्वाड्रनची सोळा स्पिटफायर लढाऊ विमानं मणिपुरातल्या पालेलहून कलकत्त्याकडे जाताना अशाच वादळात सापडली आणि त्यांतली आठ गेली. शत्रूचं एकही विमान आसपास नव्हतं. हे वाचल्यावर आमचं कारण मला कमीपणाचं वाटेनासं झालं. आईला मात्र अजून जपानीच बरे वाटतात.

विमानाच्या मागे लागण्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्यात दुसराही कुणीतरी होता. आमचा पायलट कमिशन्ड अधिकारी होता. अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या गॅझेटमध्ये छापून यायच्या, त्यामुळे त्यांचा माग सोपा. ‘भारत रक्षक’ या संकेतस्थळावर हौशी लोकांनी हवाई दलातल्या हजारोंच्या नोंदी गोळा केल्या आहेत, तिथेही बघा. मला पायलटची पुतणी सापडली, उत्तरेत असते, वय ऐंशीच्या पुढे. फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं. तिच्याकडे स्क्वाड्रनच्या अधिकाऱ्यानं तिच्या आजीला लिहिलेलं पत्र होतं, त्यात शेवटी एक ओळ नानामामाची: दोघं नेहमी एकत्रच उडायचे, जोडी बदलायला तयार नसायचे. आमच्या घरी असं पत्र आलं नव्हतं. की आलं होतं आणि गावात इंग्रजी वाचणारा कुणी नव्हता, देव जाणे.

आली होती ती ट्रंक. कुणी बेपत्ता झालं की त्याचं सामान मोजून, यादी करून घरी पाठवायची पद्धत होती. ती यादी आजीनं ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली होती, आम्ही तिला पॅकिंगचा कागद समजत होतो. खाकी शर्ट चार, दाढीचं सामान एक, फुटका आरसा एक, ‘देशी भाषेतील पत्रे, अकरा’. ती पत्रं आजीचीच. तुमच्याकडे जुनी ट्रंक असेल तर झाकण नीट बघा.

सरकारी बाजूनं सांगायचं तर एअरमनचे, म्हणजे अधिकारी नसलेल्यांचे, कागद दिल्लीत सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. पत्रात सर्व्हिस नंबर आणि नातं लिहा. आई-वडिलांना पेन्शन मिळत होती का ते घरात विचारा, पेन्शनच्या कागदावरही नंबर असतो. मी एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज केला होता, ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. तरी करून बघा, पोस्टेजच काय ते जाईल. ‘विमानाचे अवशेष दाखवतो’ म्हणून डॉलर मागणारे लोक भेटतील, त्यांना लांब ठेवा. म्यानमारची आजची परिस्थिती बघता तिकडे जाण्याचा विचारही तूर्त नको.

हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणाचा माणूस 1965 किंवा 1971 मधला असेल तर कागद वेगळे, पण एक गोष्ट तीच: पलीकडच्या बाजूनं काय लिहिलंय ते शोधा. स्क्वाड्रन लीडर देवय्या 7 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यातून परतले नाहीत, आपल्याकडे नुसते बेपत्ता. त्यांनी मिस्टेअर विमानातून त्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटर पाडलं, हे एका ब्रिटिश लेखकानं पाकिस्तानी बाजूची माहिती घेऊन लिहिलं तेव्हा उलगडलं, तेही 1979 मध्ये. महावीर चक्र 1988 ला मिळालं. तेवीस वर्षं!

तारीख पक्की झाल्यावर मी जुनं पंचांग काढलं, तिथी वैशाख वद्यातली निघाली. आजी तिथी माहीत नाही म्हणून नानाचं पान सर्वपित्रीला वाढायची. तिच्या जावेचं म्हणणं, युद्धात गेला तर चतुर्दशीला, शस्त्रादिहतांच्या दिवशी वाढायला हवं. त्यावरून दोघींची दर भाद्रपदात धुसफूस. मी आईला नवी तिथी सांगितली. ती म्हणाली, इतकी वर्षं सर्वपित्रीला जेवतोय, आता त्याला सवय झाली असेल.

तुम्ही फोटोचा फक्त छातीचा आणि बाह्यांचा भाग स्कॅन करून इथे टाका, सहाशे डीपीआयला. आणि ‘विमान कसलं होतं’ हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून, तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा.