वाचकांचे प्रश्न : बुद्धमूर्तीचे हात, रिकामे आसन आणि पद्मपाणीचा मुकुट

प्रश्न : नव्या घरासाठी बुद्धाची मूर्ती घ्यायची आहे. उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडलेली मूर्ती एका दुकानात ‘विश्रांती घेणारा बुद्ध’ म्हणून दाखवली, तर दुसऱ्या दुकानात तशीच मूर्ती ‘आशीर्वाद देणारा बुद्ध’ म्हणून. अजिंठ्याला आम्ही दोन्ही हात छातीशी असलेली मूर्ती पाहिली होती. या हातांचे नेमके अर्थ काय, आणि घरात कोणती मूर्ती ठेवावी? – एक वाचक, पनवेल

उत्तर : दोन्ही दुकानांत सांगितलेली नावे चुकीची आहेत. उजवा हात गुडघ्यावरून खाली आलेला, तळवा आतल्या बाजूला आणि बोटे जमिनीकडे असतील, तर ती भूमिस्पर्श मुद्रा होय, आणि ती एका विशिष्ट रात्रीची खूण आहे. बोधगयेला पिंपळाखाली बसलेल्या सिद्धार्थाला मार, म्हणजे मोहात पाडून वाट अडवणारा, विचारतो, की या आसनावर बसण्याचा तुझा अधिकार कोणता आणि तुझा साक्षीदार कोण. मारामागे त्याची सगळी सेना उभी असते. सिद्धार्थ एकटा असतो. तो वाद घालत नाही. हात खाली नेऊन तो पृथ्वीला स्पर्श करतो, जन्मोजन्मीच्या पुण्याईची साक्ष तिच्याकडे मागतो, आणि मार हरतो. म्हणून या मूर्तीत विश्रांतीही नाही आणि आशीर्वादही नाही. तिच्यात आहे तो निश्चय. महाबोधी मंदिरातील मुख्य मूर्ती याच मुद्रेत आहे. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २६ मध्ये तर हा सारा प्रसंग भिंतीवर कोरलेला आहे : हत्तीवर बसलेला मार, अंगावर येणारी विक्राळ सेना, मोह घालायला आलेल्या त्याच्या कन्या, आणि या कोलाहलाच्या मधोमध जमिनीला बोटे टेकवून बसलेला स्थिर बुद्ध. पुढच्या वेळी तेथे गेलात, तर या शिल्पापुढे निवांत थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण बहुतेक प्रवासी शेजारच्या सुमारे सात मीटर लांबीच्या महापरिनिर्वाण मूर्तीपुढे छायाचित्रे काढून निघून जातात.

आपण अजिंठ्यात पाहिलेली, दोन्ही हात छातीशी आणून बोटे जुळवलेली मूर्ती बहुधा पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यातील असावी. ती धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा, म्हणजे सारनाथच्या मृगवनात पाच भिक्खूंना दिलेल्या पहिल्या उपदेशाची खूण. येथे एक सवय लावून घेण्यासारखी आहे : हात पाहून झाल्यावर नजर खाली आसनाकडे न्यावी. त्या मूर्तीच्या आसनावर मधोमध चक्र आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना हरणे आहेत आणि ऐकणारे भिक्खूही आहेत. चक्र म्हणजे धर्म, हरणे म्हणजे मृगवन; हाताने जे सांगितले, त्याचे स्थळ आसन सांगते. मुद्रांची यादी पाठ करण्यापेक्षा हात आणि आसन एकत्र वाचण्याची ही रीत मला अधिक भरवशाची वाटते.

उरलेल्या मुद्रा समजायला सोप्या आहेत. मांडीवर एकावर एक ठेवलेले हात म्हणजे ध्यान. उजवा तळवा समोर करून वर उचललेला हात म्हणजे अभय आणि तळवा समोर ठेवून खाली सोडलेला हात म्हणजे वरद. गणपतीच्या मूर्तीमुळे हे दोन्ही हात मराठी घरांच्या परिचयाचे आहेत. भूमिस्पर्श आणि वरद यांची गल्लत होते ती नेमकी येथे, कारण दोन्हींत हात खालीच असतो; तळवा आपल्याकडे वळलेला असेल तर दान, आत वळलेला असेल तर पृथ्वीची साक्ष.

घरात कोणती मूर्ती ठेवावी, हे तिच्यापुढे आपण काय करणार यावर ठरवावे. रोज काही वेळ शांत बसणार असाल तर ध्यानमुद्रा. घरात वंदना आणि ग्रंथवाचन होणार असेल तर धर्मचक्र मुद्रा मला सर्वांत समर्पक वाटते. मूर्ती कोणतीही घ्या, पण तिचे नाव आणि प्रसंग घरातल्या मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : आमच्याकडे भेट म्हणून आलेला ‘लाफिंग बुद्धा’ आहे. तो गौतम बुद्धाचेच रूप आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ही मूर्ती बुदाई नावाच्या चिनी भिक्खूची आहे. तो दहाव्या शतकात होऊन गेला असे मानले जाते, आणि त्याच्या नावाचा अर्थच ‘कापडी झोळी’ असा आहे. चीनमध्ये लोक त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा अवतार मानू लागले, म्हणून तेथील विहारांच्या प्रवेशदालनात त्याची मूर्ती असते. त्याचे सुटलेले पोट आणि हसरा चेहरा समाधानाची आणि औदार्याची खूण आहे. भेट आनंदाने ठेवावी. वंदनेसाठी मात्र शाक्यमुनींची, म्हणजे गौतम बुद्धांची मूर्ती वेगळी असावी.

प्रश्न : भाजे येथील चैत्यगृहात फक्त स्तूप आहे, बुद्धाची मूर्ती नाही. ती कोणी काढून नेली का? – एक शिक्षिका, लोणावळा

उत्तर : मूर्ती कोणी नेली नाही, ती तेथे कधी नव्हतीच. भाजे येथील चैत्य, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, आणि बुद्धाच्या मानवी रूपातील मूर्ती मथुरा व गांधार येथे घडू लागल्या त्या इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत. त्याआधी बुद्धाची जागा खुणांनी भरून काढली जात असे : पिंपळ म्हणजे बोधी (ज्ञानप्राप्ती), चक्र म्हणजे उपदेश, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण, आणि त्यांच्या जोडीला पावलांचे ठसे, रिकामे आसन व छत्र.

या खुणांमध्ये केवढी ताकद होती, हे पाहायचे असेल तर सांचीला जावे. मोठ्या स्तूपाच्या पूर्वेकडील तोरणावर सिद्धार्थाचा गृहत्याग कोरलेला आहे. नगराच्या वेशीतून त्याचा कंथक नावाचा घोडा निघतो. त्याच्या पाठीवर कोणीही नाही, पण वर छत्र धरलेले आहे. तोच घोडा पुढे पुन्हा पुन्हा कोरला आहे, प्रत्येक वेळी रिकामा आणि प्रत्येक वेळी छत्राखाली. शेवटी पावलांचे मोठे ठसे येतात, त्यांच्यापुढे सेवक छन्न वाकलेला दिसतो, आणि मग घोडा घराकडे परततो. आता मात्र त्याच्यावर छत्र नाही. स्वार न दाखवता तो उतरल्याचे असे दाखवणाऱ्या त्या कारागिरांपुढे मी दर वेळी नतमस्तक होतो.

असे का केले गेले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. निर्वाण पावलेल्याला देहात दाखवणे योग्य मानले जात नसावे, हे जुने मत; यातील अनेक दृश्ये बुद्धाच्या चरित्राची नसून त्याच्या स्मृतिस्थळांच्या पूजेची आहेत, हे अलीकडचे मत. काही शिल्पांना दुसरे मत लागू पडते, हे मला मान्य आहे, पण सांचीचा हा घोडा मात्र पहिल्याच मताच्या बाजूने उभा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपण शिक्षिका आहात, म्हणून एक सुचवतो. भाजे येथून जवळच असलेल्या कार्ल्याच्या चैत्यात विद्यार्थ्यांना न्यावे. तेथे स्तूपावरचे मूळ लाकडी छत्र आजही टिकून आहे, आणि दर्शनी भिंतीवर जुन्या युगुलांच्या शेजारी काही शतकांनंतर कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. खुणेचा काळ आणि मूर्तीचा काळ तेथे एकाच इमारतीत भेटतात. अजिंठ्यात हाच बदल लेण्यांच्या क्रमांकांवरून दाखवता येतो : ९ आणि १० क्रमांकांच्या चैत्यांत स्तूप कोरा आहे, तर पाचव्या शतकातील १९ आणि २६ या चैत्यांत स्तूपाच्या दर्शनी बाजूवरच बुद्ध कोरलेला आहे.

प्रश्न : बुद्धाने राजवस्त्रे टाकली, मग अजिंठ्याच्या प्रसिद्ध पद्मपाणीच्या डोक्यावर रत्नजडित मुकुट कसा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारण पद्मपाणी बुद्ध नव्हे, बोधिसत्त्व आहे. कमळ हाती धरलेला अवलोकितेश्वर म्हणजे पद्मपाणी; करुणा हे त्याचे स्वरूप. बुद्ध ओळखावा तो साध्या चीवरावरून (भिक्खूच्या वस्त्रावरून), डोक्यावरच्या उष्णीषावरून, म्हणजे माथ्यावरच्या उंचवट्यावरून, आणि लांब पण रिकाम्या कानाच्या पाळ्यांवरून; राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांनी त्या लोंबल्या, आणि कुंडले गेल्यावरही त्यागाची आठवण म्हणून तशाच राहिल्या. बोधिसत्त्वाने मात्र जग सोडलेले नाही. सर्व प्राणिमात्र दुःखातून सुटेपर्यंत त्यांच्यातच राहण्याचा त्याचा संकल्प आहे, म्हणून मुकुट, मोत्यांचे सर, बाजूबंद हे जगाचे अलंकार त्याच्या अंगावर शोभतात. त्या चित्रात त्याच्याभोवती माकडे आणि मोरही आहेत. एवढ्या गर्दीत आणि वैभवात त्याचे डोळे तेवढे खाली झुकलेले आहेत. मुकुटापेक्षा त्या डोळ्यांकडे अधिक पाहावे.

तो खाली काय पाहतो, हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात प्रत्यक्ष कोरलेले आहे. मधोमध उभा अवलोकितेश्वर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार चार लहान दृश्ये : आग, दरोडेखोराची तलवार, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक संकटातली माणसे त्याला हाक मारत आहेत. व्यापारी मार्गांवरच्या या लेण्यांना दान देणाऱ्यांत सार्थवाहांचा (व्यापारी तांड्यांच्या प्रमुखांचा) आणि व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता, आणि चोर, श्वापदे व समुद्र ही त्यांच्या रोजच्या प्रवासातली भीती होती. कमळ धरलेला तो अलंकृत पुरुष त्यांच्यासाठी जहाजावरून हाक मारली तर येणारा होता.