दवाखान्यात १५२ आणि घरी १३०, मग आईचा खरा बीपी कोणता?

तुमचा प्रश्न असा आहे: आईचा बीपी दवाखान्यात १५२/९४ भरतो, घरच्या मशीनवर १३०/८२ येतो, आणि घरीच लागोपाठ तीनदा घेतला तर तिन्ही आकडे वेगळे. मशीन बिघडलंय का, आणि गोळी अर्धी केली तर चालेल का?

मी डॉक्टर नाही. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीत काढली, आणि बीपीची गोळी नऊ वर्षं घेतोय. कारखान्यात माप चुकलं की पोरं आधी गेजला, म्हणजे मापाच्या उपकरणाला, शिव्या घालायची. बघायला जावं तर जॉबच, म्हणजे मोजायचा तुकडाच, वाकडा बसवलेला. बीपीचंही तसंच आहे.

पहिलं वर्षभर मी सोफ्यावर रेलून, पायावर पाय टाकून, हात मांडीवर ठेवून बीपी बघायचो. पट्टा फुगत असतानाच आतून आवाज यायचा, "अहो, दोडका करू की गिलकं?" मीही उत्तर द्यायचो. एका रात्री साडेदहाला १५६ आला. घाबरून परत घेतला, १६१. परत, १६८. असा अकरा वेळा. शेवटी मुलाने गाडी काढली. इमर्जन्सीतल्या डॉक्टर मॅडमनी आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं, मग खुर्चीत पाठ टेकवून बसवलं, हात टेबलावर ठेवायला लावला. दहा मिनिटांनी १३८. "काका, घरी किती वेळा बघितलंत?" "दोन-तीनदा असेल," म्हणालो.

हात कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. बीपीचा आकडा म्हणजे पाऱ्याच्या उंचीचे मिलिमीटर, आणि पारा रक्तापेक्षा साधारण तेरापट जड. म्हणून दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली राहिला, तर आकडा सात-आठने वाढतो. मशीन बहुतेक वेळा आपल्या जागी बरोबरच असतं. दंडाच्या धमनीतले ठोके पट्ट्यात जे कंप उठवतात, त्यावरून ते हिशोब करतं. बोलणं, हलणं, तुंबलेली लघवी, नुकताच घेतलेला चहा किंवा विडी, सगळं त्या हिशोबात शिरतं. आणि बीपी मुळात दर मिनिटाला थोडा हलतोच. तीन आकडे वेगळे येणं हे बिघाडाचं लक्षण नव्हे, उलट तिन्ही वेळा तंतोतंत तोच आला तर मलाच शंका येईल.

आता १५२ विरुद्ध १३०. पांढरा कोट दिसला की कित्येकांचा बीपी चढतो. शिवाय जिना चढून आलेल्या माणसाला दम खायला कोण वेळ देतो? म्हणून घरचे आकडे डॉक्टरांना हवेच असतात, पण एखादा सुटा आकडा नाही. सात दिवस सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी. आधी पाच मिनिटं गप्प बसून, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही जी रेघ मानतात, ती घरच्या मापात १३५/८५ धरतात. जो आला तो लिहायचा, चांगला वाटला तो नाही. (हे माझ्या मेहुण्याला अजून पटलेलं नाही. त्याच्या वहीत सगळे १२०/८०.)

मशीनवर संशय असेल तर ते पिशवीत घालून दवाखान्यात न्या आणि त्यांच्या मापाच्या जोडीने लावून बघा. मनगटावरचं असेल तर ते ठेवून द्या, दंडाचंच घ्या. आईच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील तर हे डॉक्टरांना आधी विचारा, कारण अशांमध्ये ही मशीनं गडबडतात.

गोळी मात्र अर्धी करू नका. घरी १३० येतोय तो गोळी चालू आहे म्हणूनच येत असेल. सात दिवसांची वही डॉक्टरांपुढे ठेवा, कमी करायची असेल तर ते करतील. १८०/१२०च्या वर गेला तर शांत बसवून पुन्हा बघा. पण छातीत दुखतंय, धाप लागलीय, बोबडी वळतेय किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडतोय असं असेल, तर परत मोजत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा.

आणखी एक, जे दुकानदार सहसा विचारत नाही. शिवणकामाच्या टेपने आईचा दंड मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतो. आमच्या हिला सहा महिने माझाच पट्टा लावत होतो आणि रोज जेवताना मिठावरून टोकत होतो. गोळे कॉलनीतल्या औषधांच्या बाजारातून मोठा पट्टा आणला तेव्हा कळलं. आता तिच्या पट्ट्याला लाल दोरा बांधलाय, आणि मिठाचं मी नाव काढत नाही.