हिरव्याचा चिखल का होतो?

प्रश्न : इंदिरानगरला आमच्या घरामागे छोटी बाग आहे. बोगनवेल, कर्दळ, जास्वंद. निवृत्तीनंतर ॲक्रिलिक रंगांत ती फ्रेंच चित्रकार मोनेच्या पद्धतीनं रंगवायला घेतलीय. पण थरावर थर दिले की सगळं मातकट होतं. सावलीसाठी सॅप ग्रीन या हिरव्या रंगात काळा मिसळते. कुठं चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी तो काळा बाजूला ठेवा. सकाळी नऊला बोगनवेलीखालची सावली नीट बघा. ती जांभळट निळी दिसेल. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा अलिझरीन क्रिमसन लाल घाला, वर हिरव्याचा एक थेंब. बस्स.

दुसरं म्हणजे घाई. गेल्या श्रावणात मी कर्दळीचा वाफा रंगवत होते. पाऊस येईल म्हणून ओल्या हिरव्यावरच लाल ओढला आणि पाकळ्यांच्या जागी तपकिरी डाग उमटले. लाल आणि हिरवा ओले असताना एकमेकांत मिसळले, की दोघांचाही तजेला जातो. तेच शेजारी शेजारी ठेवले, तर एकमेकांना उजळवतात. म्हणून पहिला थर पूर्ण वाळू द्या; ॲक्रिलिकला फार वेळ लागत नाही.

मी सुरुवातीला कॅनव्हासभर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात देते. मोनेसारखी इम्प्रेशनिस्ट मंडळी बहुतेक पांढऱ्या किंवा फिकट अस्तरावर काम करत, पण हिरव्यातून मधूनमधून डोकावणारी ती ऊब मला आवडते. त्यावर झाडांचे मोठे आकार, तपशील न काढता. ते वाळले, की ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करा आणि पिवळसर हिरवा अलगद ओढा. रंग कापडाच्या उंचवट्यांवरच बसतो, खाचांतून खालचा थर दिसत राहतो. त्या फटी बुजवायच्या नाहीत! पानापानाचा जिवंतपणा तिथंच असतो. फुलं सगळ्यात शेवटी, जाड रंगात, एकेका फटक्यात. एकदा ठेवलेला फटका पुन्हा घोळायचा नाही.

मोने १८८३ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी राहायला गेला आणि १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथं राहून तिथली बाग, तिथलं तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. उजेड बदलला, की हातातला कॅनव्हास ठेवून दुसरा घ्यायचा. तुम्हीही दोन छोटे कॅनव्हास ठेवा, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. उन्हाळ्यात पॅलेटवरच्या कागदाखाली ओलं फडकं घाला, नाहीतर रंग तिथंच सुकतो. आणि साडेदहाला सकाळचा कॅनव्हास उचलून आत न्या. तोवर बोगनवेलीची सावली कुंडीपाशी सरकलेली असते.