आधी बिदागी ठरवा, मग पट्टी

(लोकगीतांच्या बँडमधल्या गायिकेला वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं)

माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे. नोकरी सोडून मित्रांच्या लोकगीतांच्या बँडमध्ये पूर्णवेळ गाणार म्हणते. यावर पोट भरतं का?
— एक आई, सांगली

काकू, काहींचं भरतं, सगळ्यांचं नाही. आमच्यातला ढोलकीवाला दिवसा शाळेत शिकवतो, गिटारवाला बँकेत आहे आणि मी सकाळी गाण्याच्या शिकवण्या घेते. आमचा धंदा हंगामी. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग लग्नं आणि जत्रा. आषाढात फोनसुद्धा वाजत नाही.

साठ हजारांची सुपारी ऐकायला बरी वाटते. त्यातून गाडी, साउंडवाला, जेवणखाण गेलं की उरलेल्याचे आम्ही सात वाटे करतो. सहा जण आम्ही आणि सातवा वाटा बँडचा. संबळाचं कातडं, रेकॉर्डिंग, एखाद्याचं आजारपण त्यातूनच निघतं. निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय तारीख देत नाही, कारण ‘तुम्ही या हो, बघू नंतर’ म्हणणारी मंडळं नंतर काहीच बघत नाहीत.

मुलीला एवढंच विचारा, हिशेबाची वही कोण लिहितं? ‘आम्ही सगळे मिळून बघतो’ असं उत्तर आलं, तर निदान एक अख्खा हंगाम तिला नोकरी सोडू देऊ नका. गाता येतं का, ते तिला कळतंच असणार.

ताई, माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. रेकॉर्ड करून आमच्या बँडच्या गाण्यात घ्यायच्या आहेत. परवानगी लागते का, आणि कोणाची?
— सिन्नरहून एक तबलावादक

आजीचीच की रे! ओवी पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली, तिच्या शब्दांवर कोणी मालकी सांगू शकत नाही. पण आजीनं म्हटलेलं, म्हणजे तिचा तो आवाज, तिनं मध्येच घातलेलं ‘गं बाई’, ते तिचं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क धरलेला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. तेव्हा मराठीत चार ओळी लिहा, तिला वाचून दाखवा, सही घ्या. नातवानं आजीची सही घ्यायची म्हटल्यावर घरचे हसतील. हसू देत. उद्या गाणं चाललं, तर हेच चुलते-आत्या भांडायला येतील.

आता रेकॉर्डिंगचं. आजीला स्टुडिओत खुर्चीवर बसवू नकोस. मावळातल्या एका मावशींना आम्ही माइकसमोर बसवलं, तर त्या गाताना नुसत्या धावत सुटल्या, दोन ओळींत श्वास संपला. मग त्यांच्याच घरी जात्याशी बसवलं, सुपात जोंधळे दिले. खुंटा हातात आला आणि ओवी जागेवर आली. ओढ घेताना सूर लांबतो, जातं फिरून परत येताना शब्द पडतो. श्वास कुठे घ्यायचा ते दगड ठरवतो. मूठभर दाणे टाकायला त्या थांबायच्या तेवढी ओवीही थांबायची. ती जागा आमच्या ढोलकीवाल्यानं आधी कापली होती, नंतर गुपचूप परत जोडली.

त्यामुळे क्लिक, म्हणजे कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका, लावून तिला त्यात बसवायला जाऊ नकोस. आधी तिचं आणि जात्याची घरघर घे, मग तुझा तबला त्याच्या मागून जाऊ दे. लय पुढेमागे होईल, तबलजीला राग येईल, ते मान्य आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात, आणि ओवीसोबत गाणारणीचं नाव-गाव असतं. तेवढं तरी आपण करायलाच हवं. गाणं ऑनलाइन चढवताना गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिही, पण गायिकांत आजीचं नाव पहिलं. आम्ही मावशींना एक वाटा देतो. त्या गाण्यापुरते सातचे आठ होतात.

एक मात्र सांभाळ. जुनं वाटलं म्हणून सगळंच पारंपरिक नसतं. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्या आता खुल्या आहेत. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. आणि दुसऱ्याच्या कॅसेटमधला तुकडा उचलायचा नाही, गाणं कितीही जुनं असो. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा.

कार्यक्रमानंतर घसा बसतो. तुम्ही काय घेता?
— एक हौशी गायिका, लातूर

कोमट पाणी. ज्येष्ठमध वगैरे लोक आणून देतात, मी नको म्हणत नाही. पण घसा बहुतेक वेळा संबळाशी झुंजून बसतो. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो. साउंडवाल्याला आधी तुमचा मॉनिटर, म्हणजे तुमचा आवाज तुम्हालाच ऐकवणारा स्पीकर, लावायला सांगा. आणि गिटारला सोयीची म्हणून पेटीवरची पांढरी सहा घेऊ नका. तुमची पट्टी काळी तीन असेल तर काळी तीन.

गोंधळात गिटार वाजवता. देवीचा अपमान वाटत नाही?
— एक जुना वाचक, सातारा

काका, तुमच्या भजनी मंडळात पेटी आहे ना? तीही युरोपातूनच आली. तुमच्या आजोबांच्या आजोबांना ती खटकली असणार.

पण तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं. आम्ही स्टेजवर चौक मांडत नाही, दिवटी पेटवत नाही. ते यजमानाच्या घरी, गोंधळ्यांनी करायचं. आम्ही गातो ती त्यातली गाणी. आमचे संबळवाले दादा स्वतः गोंधळी आहेत, लग्नाच्या तिथीला ते आम्हाला सरळ नाही म्हणतात. त्या दिवशी आम्ही गोंधळ गातच नाही. आणि पावसाळी हवेत कातडं उतरलं, की दादा हॅलोजनशी संबळ तापवत बसतात. तोवर सगळा बँड, गिटारसकट, त्यांच्यासाठी थांबतो.

आमच्या मंडळात कार्यक्रम रंगात येतो आणि दहा वाजतात. काही तोड?
— कार्यकर्ता, गणेशोत्सव मंडळ, ठाणे

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. तुमची तारीख त्यात आहे का, ते पोलीस ठाण्यात विचारून मगच आम्हाला कळवा.

एरवी सातला सुरू करा. पत्रिकेवर सात लिहायचं आणि साडेआठपर्यंत सत्कार करायचे, हे बंद करा. सत्कार दहानंतर घ्या. शाल-श्रीफळाला लाउडस्पीकर लागत नाही.