१९६८ च्या चार दरवाज्यांच्या इम्पालाला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचाय, कोणता घेऊ?

तुम्ही लिहिलंय ते आधी नीट मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही कळेल. गाडी १९६८ ची शेवरोले इम्पाला, चार दरवाजे, पुढची सीट अखंड. ३२७ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, त्यामागे दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, डिफ (मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरेन्शियल) तुमच्या अंदाजाने ३.०८ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ३.०८ फेरे. इंजिनला हात लावायचा नाही आणि गाडी जास्त करून हायवेवर चालवायची आहे. एक मित्र म्हणतो एम-२२ (जीएमच्या चार गिअरच्या मन्सी बॉक्सचा एक प्रकार) शोध, दुसरा म्हणतो कमॅरोतून निघालेला सहा गिअरचा टी-५६ घे.

दोघांचंही ऐकू नका. गिअरबॉक्स वाईट आहेत म्हणून नव्हे. दोघंही गिअरबॉक्सचं नाव बघून बोलतायत, गाडीचं वजन आणि डिफ बघून नाही.

पहिला गिअर आणि डिफ यांच्या रेशोचा गुणाकार करा. रोजच्या वापराच्या जड गाडीत तो दहाच्या आसपास आला की गाडी क्लच न जाळता सुटते. नऊपर्यंत चालतं. आठच्या खाली गेलात की प्रत्येक सिग्नलला हाफ क्लच. एम-२२ चा पहिला गिअर २.२०. त्याला ३.०८ ने गुणलं की ६.८ येतात. म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी तुम्ही जवळजवळ दुसऱ्या गिअरमध्ये उचलणार. एम-२२ ज्या गाड्यांत गाजला त्यांत मागे ४.११ सारखे डिफ असत, म्हणून तो तिथे शोभला. शिवाय त्याचे दात कमी तिरपे कापलेले असतात, त्यामुळे तो सतत घरघरतो. त्याचं टोपणनावच ‘रॉक क्रशर’ आहे. पाचशे मैलांच्या प्रवासात ते संगीत ऐकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

इथे कोणीतरी विचारणारच: पॉवरग्लाइडचा पहिला गिअर तर १.८ च्या आसपास, त्याचा गुणाकार साडेपाचच येतो, मग आता गाडी बरी कशी सुटते? टॉर्क कन्व्हर्टरमुळे. गाडी उभी असताना तो इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो. म्हणजे हिशोबाला तुम्ही आज अकराच्या गिअरमध्येच सुटताय. कन्व्हर्टर काढला की ती मदत गेली आणि तिची भरपाई पहिल्या गिअरलाच करायची आहे. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवल्यावर ‘गाडी मेली’ म्हणणारे लोक बहुतेक इथेच फसलेले असतात.

आता दुसरं टोक. तुमच्या टायरची उंची २७ इंचांच्या आसपास असेल. ३.०८ डिफवर, टॉप थेट एकास एक असेल, तर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला साधारण २,५०० फेऱ्यांवर फिरतं. हे काही वाईट नाही. टी-५६ चा सहावा गिअर ०.५० चा आहे. त्यात तेच इंजिन १,२५० वर येईल. त्या फेऱ्यांवर जुनं कार्ब्युरेटरचं ३२७ कुंथतं, जरा चढ आला की पाचव्यात आणि मग चौथ्यात या. म्हणजे सहावा गिअर शोभेपुरता. पहिला २.६६, गुणाकार ८.२, तोही काठावरचा. वर हा बॉक्स लांब आणि जाड, त्यासाठी टनेल, म्हणजे फ्लोअरचा मधला उंचवटा, कापावं लागतं. १९९७ पर्यंतच्या कमॅरोतला वेगळा आणि १९९८ पासूनचा वेगळा: आधीच्याचा क्लच ओढून सुटणारा, नंतरच्याचा इनपुट शाफ्ट एलएस या नव्या पिढीच्या व्ही-८ इंजिनाच्या मापाचा. तुमच्या इंजिनाला दोन्ही सरळ बसत नाहीत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

डिफ बदलून मन्सी लावता येईलच. त्यातल्याच एम-२० चा पहिला २.५२ आहे. ३.७३ चा डिफ घातलात तर गुणाकार ९.४ होतो, सुटायला झकास. पण ६५ ला इंजिन ३,००० वर. सुटणं आणि पळणं दोन्ही हवं असेल तर मोठा पहिला गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह (एकापेक्षा कमी रेशोचा गिअर), हा सरळ रस्ता. म्हणून पाच गिअरचा बॉक्स.

पैसे असतील तर माझं मत ट्रेमेकच्या टीकेएक्सला, पहिला गिअर ३.२७ वाला. २.८७ चाही मिळतो आणि विकणारा तो ‘स्पोर्टी’ म्हणून गळ्यात मारायला बघतो, तो नको. ३.२७ ने गुणाकार बरोबर दहा येतो, पाचवा ०.७ च्या आसपास असल्याने हायवेला इंजिन १,७०० ते १,८०० वर निवांत राहतं. ६०० पाउंड-फूट टॉर्क सोसायची त्याची कुवत आहे, तुमचं ३२७ त्याला घाम फोडणार नाही. ट्रेमेकच्याच आधीच्या टीकेओ बॉक्सपेक्षा याचं घर लहान केलेलं आहे, त्यामुळे टनेलची कापाकापी कमी. आणि गिअरची दांडी बाहेर यायच्या जागा एकाहून जास्त आहेत. अखंड सीटच्या गाडीत ही फार मोठी गोष्ट आहे. दांडी सीटच्या कडेखाली येते की पुढे, हे विकत घ्यायच्या आधी पट्टी लावून मोजा. फ्लोअर कापल्यावर मोजणारे मी पाहिलेत.

पैसे बेताचे असतील तर टी-५, हाही पाच गिअरचाच, पण जुन्या गाड्यांतून निघणारा. इथे मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच माझे हात पोळलेत.

माझी गाडी १९६७ ची बिस्केन, तुमच्या इम्पालाचीच साधी बहीण, २८३ चं इंजिन. शेवरोलेच्या एस-१० पिकअपमधला टी-५ स्वस्तात मिळाला. त्याची दांडी पुढे येते, अखंड सीटला अगदी बरोबर, म्हणून मी खूश. रेशो बघायचे राहिले. निघाला चार सिलिंडरच्या पिकअपचा, पहिला गिअर ४.०३. गुणाकार साडेबाराच्या जवळ. चौक ओलांडायच्या आत पहिला संपायचा, दुसरा टाकेपर्यंत मागचा हॉर्न द्यायचा. तेही सोसलं असतं. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना खाड्‌ असा आवाज आला आणि त्यानंतर तिसऱ्यात दर फेरीला टकटक. तेल सोडलं तर ट्रेमध्ये आधी राखाडी चकाकी, मग तिसऱ्या गिअरचा एक अख्खा दात, मुळाशी तुटलेला, नखाएवढा. तो अजून माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे.

तर टी-५ घ्यायचा असेल तर ‘वर्ल्ड क्लास’ ही त्याची सुधारलेली आवृत्तीच घ्या, आणि तोही व्ही-८ गाडीतला. मागच्या टेलहाउसिंगच्या बोल्टला पत्र्याचा बिल्ला असतो, १३५२ ने सुरू होणारा नंबर. तो असेल तर त्यावरून रेशो शोधता येतात. बिल्ला नसेल तर बॉक्स पुढून बघा: इनपुट शाफ्टच्या खाली, काउंटर शाफ्टच्या जागी बेअरिंगच्या रेसची कडा दिसली तर वर्ल्ड क्लास. नुसती सपाट टोपी ठोकलेली दिसली तर जुना, तो सोडा. कमॅरोच्या व्ही-८ मधल्या टी-५ चा पहिला २.९५ आणि पाचवा बऱ्याचदा ०.६३. तुमच्या डिफवर गुणाकार ९.१, हायवेला १,६०० च्या आतबाहेर. आकडे छान आहेत. दांडी मात्र मागे येते. त्यावर लोक एस-१० चं मागचं घर आणि शिफ्टरचा वरचा भाग आणून जोडतात, म्हणजे दांडी पुढची आणि गिअर व्ही-८ चे. हे जुगाड खरंच चालतं. फक्त कमॅरोत हा बॉक्स तिरका बसवलेला असतो. तुमच्याकडे तो सरळ उभा राहील अशी बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं घर) लागेल, नाहीतर दांडी एका अंगाला झुकलेली.

पण याची कुवत ३०० पाउंड-फूटच्या आसपास, आणि तुमच्या ३२७ चा कागदावरचा टॉर्क त्याहून जास्त आहे. १९६८ चे आकडे इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर-एक्झॉस्टच्या ओझ्याशिवाय मोजलेले, तेव्हा खरा कमी धरा. तरीही जड गाडी, चिकट टायर आणि खाली दाबलेला पाय हे तीन एकत्र आले की टी-५ चा तिसरा जातो. सबुरीने चालवणारे वर्षानुवर्षं चालवतात. मी सबुरीने चालवणारा नव्हतो.

एक तिसरा पर्याय कोणीच सांगत नाही, कारण त्याला ऐट नाही: चार गिअरचा सॅगिनॉ. त्यात ३.११ पहिल्या गिअरचा एक प्रकार आहे. ३.०८ वर गुणाकार ९.६, आणि हायवेला तेच २,५००. जड कामाचा नाही, पण शांत चालवणार असाल तर स्वस्तात गाडी जुन्या वळणाची राहते. भंगारात ओळखायचा कसा? गिअरच्या तिन्ही लिव्हर बाजूच्या झाकणातून बाहेर आल्या तर सॅगिनॉ. दोन झाकणातून आणि रिव्हर्सची मागच्या घरातून आली तर मन्सी, आणि विकणाऱ्याने तोवर किंमत चढवलेली असते.

आता बॉक्सपेक्षा जास्त डोकं खाणाऱ्या गोष्टी. बॉक्स कधीही मिळतो, पेडल मिळत नाहीत. तुमच्या पिढीची इम्पाला फॅक्टरीतून मॅन्युअलमध्येही निघत असे, म्हणजे पेडलचा सेट अस्तित्वात आहे. पण बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिक असल्याने तो सहज हाती लागत नाही. आधी पेडल घरात आणा, मग बॉक्सला पैसे द्या. क्लच लिंकेजचा झेड-बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा दांडा) आणि चेसिसवरचा त्याचा ब्रॅकेटही त्याच गाडीतून उचला. पेडल मिळालेच नाहीत तर हायड्रॉलिक क्लच.

फ्लायव्हील दोन मापांचे येतात, १५३ दातांचा आणि १६८ दातांचा. स्टार्टर आणि बेल हाउसिंग त्याच मापाचे हवेत, आणि बोल्ट फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकला फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ प्लेटचे) चालत नाहीत, फ्लायव्हीलचे वेगळे येतात. १९८६ पासूनच्या स्मॉल ब्लॉकचा (तुमचं ३२७ ज्या घराण्यातलं, त्या इंजिनाचा) फ्लायव्हील तुमच्या क्रँकला बसणार नाही, आणि ४०० च्या इंजिनाचा बसला तरी लावू नका, त्याचं बॅलन्स वेगळं आहे. क्लचप्लेटच्या आतले स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) बॉक्सप्रमाणे: जुन्या मन्सीला १०, जीएमच्या व्ही-८ वाल्या टी-५ ला २६. पायलट बुशचं (बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणाऱ्या बुशचं) भोक क्रँकमध्ये पूर्ण मापाचं आहे ना, तेही इंजिन गाडीत असतानाच कॅलिपर घालून बघा. प्रॉपेलर शाफ्टचं म्हणाल तर पॉवरग्लाइडच्या जागी मन्सी किंवा सॅगिनॉ घातला तर बहुधा तोच शाफ्ट बसतो. पाच गिअरच्या बॉक्सला लांबी नव्याने मोजावी लागते, मागचा माउंटही सरकतो.

न्यूट्रल स्विच विसरू नका. ऑटोमॅटिकची वायर नुसती जोडून टाकली तर गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्ट होईल आणि उडी मारेल. क्लच पेडलला स्विच लावा. एक बरंय, तुमच्या गाडीची किल्ली डॅशमध्ये आहे. १९६९ पासून ती कॉलमवर गेली आणि लॉकचं लचांड सुरू झालं.

आणि बेल हाउसिंगची मध्यरेषा. हे काम नव्वद टक्के लोक टाळतात, मीही टाळलं होतं. माझ्या दुसऱ्या बॉक्सच्या वेळी क्लच पूर्ण दाबूनही पहिला घासून पडायचा. काढून बघितलं तर पायलट बुश एका बाजूने खाल्लेलं, बोट फिरवलं तर बोटाला पिवळी भुकटी. फ्लायव्हीलला डायल गेज लावून बेलच्या भोकात एक पूर्ण फेरी मारली. काटा ०.०२८ इंच फिरला, म्हणजे मध्य ०.०१४ ने सरकलेला. काटा फिरण्याची मर्यादा ०.००५ ची. बेल जागेवर धरणाऱ्या, ब्लॉकमधल्या डॉवेल पिनांच्या जागी ०.०१४ च्या ऑफसेट पिना घातल्या, फिरवत फिरवत काटा जागेवर आणला. दुपार गेली. त्यानंतर गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखे पडतात.

तेव्हा उद्या एवढंच करा. डिफ ३.०८ चा आहे हा तुमचा अंदाज आहे, आणि वरचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. पॉवरग्लाइड न्यूट्रलला टाका, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचं एकच चाक उचलून खाली स्टँड द्या. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. लिमिटेड स्लिप (दोन्ही मागची चाकं एकमेकांशी बांधून धरणारा डिफ) नसेल तर तीन फेरे आणि थोडं वर आलं पाहिजे. साडेतीनच्या पुढे आलं तर मला इथेच कळवा, मग एम-२० चा विचार पुन्हा करू.