जुनी टेन मीटर रायफल आणि छर्रे: पाच शॉटवर निकाल लावू नकोस

मित्रा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. रेंजवरच्या एका सिनिअरकडून सहा-सात वर्षं वापरलेली पीसीपी रायफल (सिलिंडरमधे भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) घेतलीस, सोबत कंपनीचं टेस्ट कार्ड (कारखान्यात ती कशी मारली ते दाखवणारा कागद) आलं नाही, मग छर्‍यांच्या तीन वेगवेगळ्या डब्या आणून प्रत्येकीचे पाच-पाच शॉट उभं राहून मारलेस, एकीचा ग्रुप (म्हणजे सगळ्या भोकांचा पसारा) 8 मिमी, बाकी दोघींचा 11 आणि 13, आणि आता त्या 8 वालीच्या दहा डब्या एकदम मागवू का असं विचारतोयस. नको मागवूस. निदान या महिन्यात तरी नको. आणि सर वगैरे म्हणू नकोस रे, दादा म्हण फार तर.

उभं राहून तू जे मोजलंस ना, ते छर्रे नाहीत, तो तू आहेस. तुझा श्वास, तुझी कंबर, त्या दिवशीचा चहा. चांगल्या बॅरलमधून (नळीतून) चांगला छर्रा 10 मीटरवर एक-दीड मिमीच्या आत पडतो (भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरून), आणि नवीन पोराचा होल्ड त्याच्या कितीतरी पट हलतो. मग 8 आणि 13 मधला फरक डबीमुळे आला का तिसऱ्या डबीपर्यंत खांदा दुखायला लागला म्हणून आला हे सांगणार कोण? तूच लिहिलंयस की 13 वाली शेवटी मारली. ते वाचून मला हसूच आलं, कारण सेम गाढवपणा मी केलाय.

माझी पहिली रायफल पण सेकंड-हँडच होती. चार डब्या, प्रत्येकी एक ग्रुप, एकीने पाचही शॉट एकाच भोकात घातले, मी हवेत. बाबांकडून उसने पैसे घेऊन त्याच नावाच्या आठ डब्या आणल्या, आणि पुढच्या आठवड्यात तीच डबी बाकीच्यांसारखीच मारायला लागली. झालं असं होतं की तो एक ग्रुप नशिबाने छान पडला होता, बास. पाच शॉटचा ग्रुप फार लबाड असतो. एकाच छर्‍याने, एकाच रायफलने, सरासरी 3 मिमी येत असेल तर एकदा 2 येईल, एकदा 4 येईल, आणि तू त्याला दोन वेगळे छर्रे समजशील. शिवाय शॉट वाढले की ग्रुप वाढतोच, पाचचा 3 मिमी असेल तर दहाचा साधारण पावणेचार होतो, म्हणून कोणी नुसतं एवढा ग्रुप आला म्हणून फोटो दाखवला की आधी विचारायचं किती शॉटचा.

पण छर्‍यांच्या आधी रायफल. जुनी आहे, कोणी कशी वापरली देव जाणे. सगळ्यात आधी अॅलन की घे आणि स्टॉकचे अॅक्शन स्क्रू (रायफलचा धातूचा मुख्य भाग, म्हणजे अॅक्शन, स्टॉकला धरून ठेवणारे), मागच्या पीप साईटचे (बारीक भोकातून नेम धरायच्या साईटचे) स्क्रू, पुढच्या साईटचा स्क्रू आणि आतली रिंग, सगळं हलतंय का बघ. जोर लावून आवळू नकोस, मॅन्युअलमधे टॉर्क दिलेला असेल तर तेवढाच. निम्म्या वेळा "रायफल ग्रुप करत नाही" याचं उत्तर इथेच सापडतं, माझ्या एका ओळखीतल्या मुलीने तीन महिने कोचच्या शिव्या खाल्ल्या आणि निघाला काय तर साईटचा रेलवर बसणारा स्क्रू सैल. मग सिलिंडरवरची तारीख बघ, ती संपलेली असली तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी सिलिंडर बदल, 200 बार दाबाची हवा गालाजवळ घेऊन बसतो आपण. ब्रीचची (छर्रा घालायच्या मागच्या जागेची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, कडक झाली असेल किंवा कापली गेली असेल तर बदल, ती चिल्लर गोष्ट आहे पण हवा तिथून फुसकली की वेग कमीजास्त होतो.

वेगावरून आठवलं, रेंजवर कोणाकडे क्रोनोग्राफ (छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर अर्धा तास उसना माग. हे खरं सोनं आहे. मॅच रायफल साधारण 170 ते 175 मीटर प्रति सेकंद मारते. दहा शॉट मार, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात दोन-तीनचा फरक असेल तर छान. सात-आठचा असेल तर रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा सील बघायला दे, तोवर छर्रे तपासणं म्हणजे फुटक्या मापाने दूध मोजणं. हिशोब साधा आहे: 172 च्या वेगाने छर्रा 10 मीटरला जाईपर्यंत साधारण 17 मिमी खाली येतो, वेग एक टक्का कमी झाला की ते पडणं दोन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तिसरा हिस्सा मिमी. वेगात पाच मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला की एक मिमी गेलाच, आणि तो वर-खाली जातो. म्हणून ग्रुप उभा लांबट दिसला की मी आधी सिलिंडरच्या हवेकडे बघतो, आडवा लांबट दिसला की साईटकडे, रायफल तिरकी धरण्याकडे, आणि हो, पंख्याकडे. हसू नकोस. उन्हाळ्यात कोणीतरी लेनच्या बाजूचा पेडस्टल फॅन चालू करतं आणि अर्धा ग्राम वजनाचा छर्रा त्या वाऱ्याला मान देतोच.

नंतर बॅरल. आधीच्या मालकाने कधी साफ केली होती विचार, उत्तर बहुतेक "अं..." असंच येईल. फेल्टचे क्लीनिंग पेलेट मिळतात, ते वापर, घालायचे ब्रीचकडून, लोखंडी रॉड नळीच्या तोंडातून अजिबात खुपसायचा नाही, तोंडाची कड खरवडली की त्या बॅरलचं काम संपलं समज. साफ केल्यावर पहिले वीस-पंचवीस शॉट मोजायचेच नाहीत, बॅरलला पुन्हा शिशाचा पातळ थर बसायला लागतो. एका कंपनीचे छर्रे सोडून दुसऱ्याचे घातले तरी तसंच, दहा-पंधरा शॉट वाया घालव. तू डबी बदलून लगेच पहिला शॉट मोजलास, हो ना?

आता खरी टेस्ट. रेंजवर क्लॅम्पचं स्टँड असेल तर उत्तम, पण पकडायचं अॅक्शनला, रबर लावून, सिलिंडरला कधीच नाही. नसेल तर टेबल, खुर्ची, आणि पुढे तांदूळ किंवा वाळू भरलेली पिशवी, स्टॉक दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे, पेन्सिलने खूण करून ठेव. मी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घेतलीय, दहा वर्षं झाली, अजून तीच आहे. सिलिंडर पूर्ण भरून सुरू कर आणि मॅन्युअलमधल्या खालच्या मर्यादेच्या बऱ्याच वर थांब, शेवटच्या हवेवर टेस्ट नको. एका डबीचे सहा ग्रुप, प्रत्येकी पाच शॉट, म्हणजे तीस. चार डब्या असतील तर 120 आणि वर डबी बदलल्यावर वाया घालवायचे चाळीस-साठ. एका दिवसात नको करूस, दोन सकाळी कर, आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा लाव, पहिल्या दिवशी शेवटी होती ती आता पहिली, म्हणजे थकव्याचं खापर एकाच डबीवर फुटत नाही. जमलं तर बहिणीला किंवा मित्राला छर्रे कपात काढून द्यायला सांग, कपावर फक्त क, ख, ग. महागडी डबी चांगलीच मारणार असं डोक्यात बसलेलं असतं ना, ते डोकं बाजूला ठेवायचा हा एकच उपाय मला सापडलाय.

मोजताना व्हर्नियर घे, भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप आणि त्यातून 4.5 वजा कर. कागद मॅचचाच पाहिजे, साधा कागद फाटतो आणि भोक खोटं सांगतं. सहा ग्रुपची सरासरी काढ. आणि एखादा शॉट लांब गेला तर "तो फ्लायर, मोजायचा नाही" असं करू नकोस, ट्रिगर ओढतानाच तुला कळलं असेल की चुकलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर तो छर्‍याचाच गुण आहे, मॅचमधे तोच नडतो.

कुठल्या डब्या घ्यायच्या? आरडब्ल्यूएसची आर-10, एच अँड एनची फिनाले मॅच, जेएसबीची मॅच, यातल्या जमतील त्या. रायफलसाठी 0.53 ग्रामवाले घे, हलके 0.45-0.49 वाले मुख्यतः पिस्तुलाकडे जातात, तरी एखादी जुनी बॅरल हलक्यावरच खूश असते असंही बघितलंय. डबीवर 4.49, 4.50, 4.51 असं छर्‍याच्या डोक्याचं (पुढच्या भागाचं) मिमीमधलं माप लिहिलेलं असतं. तू तिन्ही डब्या 4.50 च्या घेतल्यास. मी असतो तर एकाच कंपनीची तीन मापं घेतली असती, कारण बॅरल कुठल्या मापावर रमते ते कळलं की निम्मं काम होतं. छर्रा ढिला जाऊन बसला की नळीत नीट धरला जात नाही, फार घट्ट गेला की स्कर्ट (मागची पोकळ, पातळ कड) दबतो, पण बोटाला जाणवणारी पकड म्हणजे चांगला ग्रुप असं समीकरण नाही, मी त्यावर खूप वर्षं विश्वास ठेवून बसलो होतो.

आणि मापाहून मोठी गोष्ट म्हणजे लॉट. डबीवर एक बॅच नंबर असतो. तेच नाव, तेच 4.50, बॅच वेगळी, आणि ग्रुप वेगळा. माझ्या त्या आठ डब्या पण दोन वेगळ्या बॅचच्या होत्या, तेव्हा मला ते बघायचं कळतच नव्हतं. म्हणून टेस्टमधे जी डबी जिंकेल तिचा नंबर लिहून दुकानदाराला त्याच नंबरच्या किती आहेत विचार, आणि मग हव्या तर दहा घे. वेगळा नंबर पाठवला तर सरळ परत कर.

आता फायदा किती होणार ते पण सांगतो, म्हणजे उगाच अपेक्षा नकोत. टेनच्या रिंगचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा, पण छर्‍याची कड त्याला लागली की टेन, म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीच्या आत आला की झालं. डेसिमलमधे (टेनचे 10.0 ते 10.9 असे तुकडे पाडून गुण देतात त्यात) दर पाव मिमीला एक दशांश जातो. तुझी बॅरल केंद्राच्या आजूबाजूला एक मिमीपर्यंत टाकत असेल तर बिनचूक शॉट पण 10.6 वर येऊ शकतो, अर्धा मिमी झाली तर तोच 10.8. साठ शॉटच्या मॅचमधे हे दशांश जमा होतात, जिल्ह्यात मेडल त्यावर फिरतं कधी कधी. पण सध्या तू 8 च्या रिंगमधे पण शॉट टाकतोयस असं लिहिलंयस, त्याला कुठलीच डबी वाचवणार नाही. म्हणून सरावाला कुठलीही बरी एक डबी घे, रोज ड्राय फायर कर (छर्रा न घालता नेम धरून ट्रिगर ओढायचा सराव, रायफलला त्याची वेगळी सोय असते, तीच वापर), आणि टेस्ट दोन सकाळी उरकून टाक, महिनाभर त्यातच अडकून बसू नकोस. 2024 ला पॅरिसमधे कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मारल्यापासून (त्याची 50 मीटर थ्री पोझिशन, आपली टेन मीटर नाही, पण घरच्यांना काय, बंदूक ती बंदूक) आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराच्या बॅगेत पाच प्रकारच्या डब्या दिसतात आणि वही एकात पण नसते.

पावसाळ्याचं एक. कोकणात किंवा ठाण्या-मुंबईच्या हवेत उघडी डबी ठेवली की छर्‍यांवर पांढरी भुकटी येते. डबी घट्ट डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून. खाली पडलेला छर्रा परत डबीत टाकायचा नाही, स्कर्ट वाकडा झालेला डोळ्याला दिसत पण नाही. आणि छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच बंद कर, शिसं आहे ते. हात धुऊनच जेवणाचा डबा उघड.

टेस्ट झाली की सहाच्या सहा ग्रुपचे फोटो टाक, बाजूला पट्टी ठेवून, आणि बॅच नंबर लिही. नुसता सगळ्यात छान आलेला एक ग्रुप टाकलास तर मी बघणार पण नाही.