‘४० वर्षांत पहिली’ असं लिहिण्याआधी

प्रिय मैत्रिणी,

अमेरिकन टीव्हीवरच्या कृष्णवर्णीय नायिकांकडे तिथल्या माध्यमांनी कसं दुर्लक्ष केलं, यावरचा तुझा कच्चा मसुदा वाचला. विषय दमदार आहे, पुरावा मात्र अजून जमलेला नाही. आणि पहिल्याच परिच्छेदात तुझ्याकडूनही तेच दुर्लक्ष झालंय. २०१२ साली ‘स्कँडल’मधून केरी वॉशिंग्टन आली, ती ४० वर्षांतली पहिली कृष्णवर्णीय नायिका, असं तू लिहितेस. त्या वेळी हे वाक्य कौतुकाने सगळीकडे छापलं गेलं. एकीचं कौतुक करताना मधल्या कितीजणी पुसल्या गेल्या, ते बघ.

मोजणी सुरू होते एबीसीवरच्या ‘गेट ख्रिस्टी लव्ह!’पासून (१९७४-७५). तिची नायिका टेरेसा ग्रेव्हज. तिथून २०१२पर्यंत कुणीच नाही, असं म्हणायला तीन अटी लागतात. मालिका एबीसी, एनबीसी, फॉक्स अशा मोठ्या नेटवर्कवरची हवी, पैसे भरून घ्यायच्या केबलवरची चालणार नाही. ती ड्रामा हवी, विनोदी नको. आणि नायिका एकटीच केंद्रस्थानी हवी, कुणाच्या जोडीने नाही. तिन्ही अटी छापल्या तर वाक्य कसंबसं उभं राहतं. पण मथळ्यात एवढी जागा कुठली! केबलची अट गळली की ‘सोल फूड’ (शोटाइम, २०००-०४) आणि जेडा पिंकेट स्मिथची ‘हॉथॉर्न’ (टीएनटी, २००९-११) नाहीशा होतात. ड्रामाची अट गळली की क्वीन लतिफाची ‘लिव्हिंग सिंगल’, ब्रँडीची ‘मोएशा’, आठ सीझन चाललेली ‘गर्लफ्रेंड्स’ या सगळ्या जातात.

तिसरी अट मला सर्वांत खटकते. एनबीसीवरच्या ‘आय विल फ्लाय अवे’मध्ये (१९९१-९३) रेजिना टेलर सॅम वॉटरस्टनच्या बरोबरीने होती. मुख्य अभिनेत्री म्हणून एमीची, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या सर्वांत मानाच्या पुरस्काराची, दोन नामांकनं तिला मिळाली, आणि १९९३चा गोल्डन ग्लोब ती जिंकली. मुख्य अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालेली बाई नायिकांच्या यादीत नाही, हा हिशोब कुणाचा? ‘अंडरकव्हर्स’मधली गुगू म्बाथा-रॉ तर ‘स्कँडल’च्या फक्त दोन वर्षं आधीची, पण तीही जोडीतली.

तेव्हा मुख्य भूमिका कशाला म्हणायचं, हे मोजायला बसण्याआधीच ठरव आणि लिहून ठेव. नाहीतर आवडत्या मालिकेसाठी नियम वाकतो. मी तीन कसोट्या लावेन. पहिल्या भागाच्या श्रेयनामावलीत नाव कितवं येतं. एमीला कोणत्या गटात नामांकन मिळालं, हे टेलिव्हिजन अकॅडमीच्या संकेतस्थळावर सापडतं. पण कोणत्या गटात नाव धाडायचं हा बऱ्याचदा डावपेच असतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नकोस. आणि सुरुवातीचा, मधला, शेवटचा असे तीन भाग बघून कथा कुणाच्या निर्णयांनी पुढे सरकते ते टिपून ठेव. तीनपैकी दोन जुळल्या तर मुख्य भूमिका धर.

आता बातम्यांची मोजणी. एक राष्ट्रीय दैनिक, ‘व्हरायटी’ आणि ‘द हॉलीवूड रिपोर्टर’ ही मनोरंजन धंद्यातली दोन पत्रं, आणि एखादं मनोरंजन साप्ताहिक घे. ‘एबनी’ आणि ‘एसेन्स’ची मोजणी मात्र वेगळ्या तक्त्यात कर. कृष्णवर्णीय वाचकांच्या या मासिकांनी या अभिनेत्रींना कायम जागा दिली. त्यांचे आकडे मिसळलेस तर मुख्य प्रवाहातलं दुर्लक्ष बेरजेत झाकलं जाईल. मालिका सुरू होण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे चार, एवढा काळ पुरे. रकाने ठेव: तारीख, प्रकाशन, लेखाचा प्रकार, मथळ्यात अभिनेत्रीचं नाव आहे का, छायाचित्र कुणाचं, मजकूर अभिनयाबद्दल आहे की दिसण्याबद्दल.

हा शेवटचा रकाना गाळू नकोस. सप्टेंबर २०१४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’च्या निमित्ताने भला मोठा लेख छापला. त्यात ‘स्कँडल’ रचणाऱ्या शोंडा ऱ्हाइम्सला संतापी कृष्णवर्णीय बाईच्या साच्यात बसवलं, मालिकेची नायिका व्हायोला डेव्हिसला रूढ अर्थाने कमी सुंदर ठरवलं, आणि मालिका मुळात पीट नोवॉकने रचलेली असताना ते श्रेय ऱ्हाइम्सला दिलं. वाचकांच्या वतीने वृत्तपत्राचीच झाडाझडती घेणाऱ्या त्याच्या स्वतःच्या पब्लिक एडिटरनेही त्यावर टीका केली. नुसती संख्या मोजलीस तर हा लेख ‘दखल घेतली’मध्ये जमा होईल. पुढच्याच वर्षी डेव्हिसने ड्रामातल्या मुख्य अभिनेत्रीचं एमी जिंकलं. त्या गटात जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री. इथे ‘पहिली’ खुशाल लिही, फक्त गटाचं नाव सोडू नकोस. विनोदी गटात इझाबेल सॅनफर्ड १९८१लाच जिंकली होती.

तुलना करताना ‘लिव्हिंग सिंगल’ (१९९३) आणि ‘फ्रेंड्स’ (१९९४) यांचा मोह होतो, कारण दोन्ही वॉर्नर ब्रदर्सच्या. पण एक फॉक्सवर, दुसरी एनबीसीच्या गुरुवारच्या बड्या रात्री. फरक दुर्लक्षाचा की वाहिनीच्या ताकदीचा, हे सुटं करता येत नाही. त्यापेक्षा यूपीएन या एकाच छोट्या नेटवर्कवरच्या ‘गर्लफ्रेंड्स’ आणि गोऱ्या नायिकेची ‘व्हेरोनिका मार्स’ घे, २००४ ते २००६ मधला काळ. एक अर्ध्या तासाची, दुसरी तासाभराची, हे लेखात स्पष्ट सांग, आणि दोघींचे प्रेक्षक-आकडे शेजारी ठेव.

शोधताना ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द टाकू नकोस. मग फक्त वर्णावरचेच लेख हाती येतात आणि माध्यमांनी दुसरं काही लिहिलंच नाही असं वाटतं. अभिनेत्रीचं आणि मालिकेचं नाव टाक. वृत्तसंस्थेची एकच बातमी चार ठिकाणी आली तर ती एकच धर. दर भागानंतर येणारे सारांश-लेख वेगळे काढ. २०१०नंतर त्यांचा पूर येतो आणि जुन्या मालिका उगाच फिक्या दिसतात.

प्रियांका चोप्राच्या ‘क्वांटिको’चा (एबीसी, २०१५) उल्लेख करणार आहेस, तिथेही हीच चाळणी लाव. नेटवर्क ड्रामा म्हटलंस तर ठीक. नुसती ‘अमेरिकन मालिकेची पहिली भारतीय वंशाची नायिका’ म्हटलंस तर २०१२पासून फॉक्सवर स्वतःची मालिका चालवणारी मिंडी केलिंग तू गाळलीस.

आधी तक्ता पाठव, मथळ्याचं नंतर बघू.